टू-व्हील ड्राइव्ह पिकअप चिखलात का अडकते आणि बाहेर कशी काढायची?

पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांतून माल घेऊन निघणारी पिकअप बहुतेक वेळा टू-व्हील ड्राइव्हच असते. बोलेरो पिकअप, टाटा इन्ट्रा, अशोक लेलँड दोस्त, यांची नेहमी दिसणारी मॉडेल्स घ्या. इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. डांबरी रस्त्यावर तेवढं पुरतं. पण मुलुंड-बोरिवलीहून निघून मुरबाड, शहापूर, वाड्याकडे गेलात आणि शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा निघाला, की त्या दिवसाचं भाडं चिखलात जायची वेळ येते.

माझ्या मामांची मुलुंडला रोपवाटिकेची पिकअप आहे, त्यामुळे आमच्या घरी दर जूनमध्ये हा विषय निघतोच. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, पण इथे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स पुरतं.

आधी साधा हिशेब

समजा रिकाम्या पिकअपचं वजन १७०० किलो आहे. इंजिन पुढे, हौदा रिकामा, म्हणून मागच्या चाकांवर साधारण ४० टक्के, म्हणजे ६८० किलो येतं. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.७ च्या आसपास असतो. ओल्या चिखलात तो ०.२ धरू. म्हणजे मागची चाकं जास्तीत जास्त १३६ किलोचा जोर लावू शकतात.

आता चिखल गाडीला मागे किती ओढतो? वजनाच्या १० टक्के धरा, म्हणजे १७० किलो. १३६ विरुद्ध १७०. गाडी अडकणार. इंजिन कितीही दमदार असलं तरी हा आकडा बदलत नाही.

तीच गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असती तर सगळं १७०० किलो वजन कामाला आलं असतं आणि जोर ३४० किलो झाला असता. आणि टू-व्हील ड्राइव्हमध्येच मागच्या अ‍ॅक्सलवर ४०० किलोच्या गोण्या ठेवल्या तर? जोर २१६ किलो, विरोध २१० किलो. गाडी जेमतेम निघते. म्हणून रिकामी पिकअप भरलेल्या पिकअपपेक्षा लवकर घसरते. पण चिखल खोल आणि मऊ असेल तर वजनाने चाक खाली रुततं, विरोध वाढतो आणि फायदा संपतो.

डिफरन्शियल: अर्धी अडचण इथे आहे

वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरता यावं म्हणून मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल असतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतं. म्हणजे एक चाक निसरड्यावर फिरायला लागलं, की दुसऱ्या चाकालाही तेवढाच टॉर्क मिळतो. एका चाकाखाली गुणांक ०.०५ असेल, तर ३४० किलोवर १७ किलो जोर मिळतो. दुसरं चाक कडक मुरमावर असलं तरी त्यालाही १७ च. एकूण ३४ किलोत गाडी हलत नाही. एक चाक गरागरा फिरतंय आणि दुसरं ढिम्म उभं आहे, हे दृश्य त्यामुळेच दिसतं.

हँडब्रेकची युक्ती चालते का?

हँडब्रेक थोडा ओढून अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, असा सल्ला सर्रास मिळतो. गणित असं आहे: हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. घसरणाऱ्या चाकाकडे टॉर्क वाढतो, तसा चांगल्या चाकाकडेही वाढतो, पण तिथला ब्रेक तो खाऊन टाकतो. डिफरन्शियलच्या आतल्या घर्षणामुळे थोडासा फायदा उरतो, त्यामुळे कधीतरी जमून जातं. त्यावर भरवसा ठेवू नका.

खरा उपाय म्हणजे फक्त घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक पेडल असतात, ते याही कामाला येतात. आधुनिक गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम सेन्सर बघून करतं. दुसरा मार्ग लॉकिंग डिफरन्शियलचा. २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ते आहे, आणि ती गाडी टू-व्हील ड्राइव्हच आहे.

माती ओळखा

- भातखाचर: चिखलणी केलेल्या खाचरात पिकअप घालूच नका. तिथे ट्रॅक्टरसुद्धा लोखंडी जाळीची चाकं लावून उतरतो.
- काळी माती: घाट चढून देशावर गेलात की भेटते. पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चिकटते. खाचा भरल्या की टायर गुळगुळीत झालाच म्हणून समजा.
- मुरूम आणि जांभा: वरचा थर निसरडा, खाली कडक. सावकाश गेलात तर बहुतेक वेळा निघता.
- खाडीचा गाळ: गोराई-मनोरीकडे वरून सुकलेला दिसतो, पापडी फुटली की चाक आत. भरतीची वेळही डोक्यात ठेवावी लागते. कांदळवनं संरक्षित आहेत, तिथे गाडी न्यायचीच नाही.

शिरण्याआधी

उतरून चालत जा. काठी खुपसा. कडक थर वीतभर खोलीवर लागला तर विचार करा, गुडघाभर खाली असेल तर माल डोक्यावरून न्या.

गाडी रिकामी असेल तर टायरची हवा पाव भाग कमी केल्याने चाकाचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि रुतणं कमी होतं. भरलेल्या गाडीत हे करू नका, टायर रिमवरून सुटू शकतो.

वेगाचाही हिशेब आहे. वरच्या उदाहरणात ३४ किलोची तूट आहे. ताशी २० किलोमीटरने शिरलात तर चाकं न घसरवता साधारण ७५ मीटर निघता येतं. ताशी १० ने शिरलात तर २० मीटरही नाही. वेग दुप्पट केला की अंतर चौपट होतं. पण खड्डा किंवा दगड लपलेला असेल तर हाच वेग अ‍ॅक्सल मोडतो, म्हणून आधी चालत बघायचं.

चिखलात असताना

दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर, मध्ये गिअर बदलायचा नाही. स्टिअरिंग शक्यतो सरळ, कारण वळलेली पुढची चाकं चिखल ढकलत जातात आणि विरोध वाढतो. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही, असं वाटल्याक्षणी पाय काढा. पुढचा प्रत्येक सेकंद तुम्ही खड्डा खणताय.

अडकल्यावर

१. पहिला प्रयत्न रिव्हर्समध्ये. आलेली वाट चाकांनी दाबलेली असते, तिथे विरोध कमी.
२. फावड्याने चारही चाकांसमोरचा चिखल काढा. अ‍ॅक्सलचा मधला गोल भाग जमिनीला टेकला असेल तर तिथलाही काढा, नाहीतर चाकांवर वजनच येत नाही.
३. मागच्या चाकांखाली दगड, फळ्या किंवा गोणपाट घाला. जॅक लावायचा तर खाली जाड फळी हवीच.
४. क्लच हळू सोडा. चाकांच्या रेषेत पुढे-मागे कोणीही उभं राहू नये. सुटलेली फळी गोळीसारखी येते.

ओढून काढताना जीव सांभाळा

चिखलातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच. दोर फक्त टो-हुकला किंवा चासीला बांधा. बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्याला कधीच नाही. ताणलेला दोर तुटला किंवा हुक उखडला तर तो माणसाचा जीव घेऊ शकतो. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका, तुटला तर झटका थोडा मरतो. बघ्यांना दोराच्या दुप्पट लांबीवर पाठवा. ट्रॅक्टरवाल्याला आधी दोर ताणायला सांगा, मग सावकाश ओढायला. साखळीला हिसका अजिबात नको.

बाहेर आल्यावर

हवा कमी केली असेल तर हायवेला लागण्याआधी भरा. रिमच्या आत चिखल राहिला तर वेगात गाडी थरथरते, तो काढा. हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून ड्रम कोरडे करा. रेडिएटरच्या जाळीवर पाणी मारा.

आणि डांबराला लागण्याआधी टायरच्या खाचांतला चिखल काठीने खरवडून टाका. तुमच्या चाकांवरून पडलेल्या गोळ्यांवर मागून येणारा बाइकवाला घसरतो.