अडीचशे तास

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, याबद्दल वाद नाही. मुंबईतल्या एखाद्या घराला ते कितीला पडले आणि त्या पैशांत काय मिळाले, हे मात्र तुकडे जुळवूनच पाहावे लागते.

पहिला तुकडा दरांचा. व्यक्तीसाठी 250 तासांचे 5,000 रुपये. संस्थेसाठी ‘स्लिप/पीपीपी’ खात्याचे 15,000. इथे थांबायला हवे. ग्राहकाचा संगणक थेट इंटरनेटला जोडायचा आणि चित्रांची पाने पाहायची, तर साधारणपणे स्लिप किंवा पीपीपी लागे. ही नावे फक्त संस्थेच्या ओळीत येतात. म्हणून व्यक्तीच्या 5,000 रुपयांत शेल खाते, म्हणजे पडद्यावर नुसती अक्षरे मिळत असावीत, असा माझा तर्क आहे. विद्यार्थ्यांचे 500 रुपयांचे खाते अक्षरांपुरतेच होते, हे निश्चित आहे. त्याने तर्काला बळ मिळते. तो सिद्ध होत नाही.

पाच हजार म्हणजे किती? चौथ्या वेतन आयोगाच्या काळात महाविद्यालयीन अधिव्याख्यात्याची श्रेणी 2,200 पासून सुरू होई. महागाई भत्ता सोडला, तर दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून ही रक्कम मोठी. संगणक, मोडेम आणि फोनचे बिल वेगळे.

मग लोकांनी ते का घेतले? उत्तर वेगाच्या आकड्यात सापडते. सेकंदाला 9,600 बिट. फोनच्या तारेवरून एक अक्षर पाठवायला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे. पन्नास किलोबाइटचा एक फोटो यायला जवळजवळ मिनिट. पण शेल खात्याचा पडदा 80 अक्षरी 24 ओळींचा, एकूण 1,920 अक्षरांचा. तो दोन सेकंदांत भरतो! हा गुणाकार पहिल्यांदा केला, तेव्हा मी उठून येरझाऱ्या घालू लागलो. त्या काळाला सरसकट ‘संथ’ म्हणताना आपण चित्रांचा हिशेब लावतो. अमेरिकेतल्या मुलाचे पत्र वाचायला बसलेल्या आईवडिलांना ती तार संथ नव्हती. पत्र बहुधा रोमन लिपीतले मराठी असणार, हा पुन्हा तर्क.

सेवेची सुरुवात मात्र सुरळीत नव्हती, याचा पुरावा व्हीएसएनएलच्याच गोटातून मिळतो. तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंघल यांनी सुरुवातीचा गोंधळ जाहीरपणे मान्य केला होता. स्वतःला अडचणीत आणणारी कबुली म्हणून मी तिला जास्त वजन देतो.

ग्राहक किती, इथे मात्र कागद एकमेकांशी भांडतात. एक आकडा पहिल्या सहा महिन्यांत 10,000 सांगतो. सॉफ्टवेअर उद्योगाची संघटना असलेल्या नॅसकॉमच्या तक्त्यात मार्च 1996 अखेर 50,000 जोडण्या आहेत. महिना-दीड महिन्यात चाळीस हजारांची भर, तीही सुरुवातीच्या अडचणींतून जेमतेम सावरलेल्या सेवेत? पटत नाही. त्याच तक्त्यात वापरकर्त्यांचा रकाना आहे: 1998 ला 1,40,000 जोडण्या आणि 7,00,000 वापरकर्ते, 1999 ला 2,80,000 आणि 14,00,000. दरवेळी नेमकी पाचपट. ही माणसे कोणी मोजलेली नाहीत. एका जोडणीमागे पाच जण गृहीत धरले आहेत. आणि 10,000 ची पाचपट 50,000 होते. वापरकर्त्यांचा आकडा चुकून जोडण्यांच्या रकान्यात गेला का? शक्यता आहे. याहून पुढे मी जाणार नाही.

पण जोडणीमागे पाच जणांचे ते गृहीतक उगाच आले नसावे. एक खाते, एक फोन, भोवती घरातली आणि शेजारची माणसे. अडीचशे तास वर्षभर पुरवायचे, तर दिवसाला 41 मिनिटे येतात. पाच जणांत वाटली, तर माणशी आठ.