पेजेचे पथ्य

पेडण्यात किंवा डिचोलीत घरातले माणूस तापाने अंथरुणास खिळले, की वैद्याचे पाऊल उंबऱ्यात पडण्यापूर्वीच चुलीवर पेजेचे मडके चढत असे. प्रथम निवळ, मग शितांसह पातळ पेज, जिभेला चव आली की आटवल आणि सरतेशेवटी भात. हा क्रम आमच्या आज्यांना कोणी पोथीतून शिकविला नव्हता. पोथीत मात्र तो आहे. शोधनानंतर मंदावलेल्या अग्नीस जपण्यासाठी चरकाने पेया, विलेपी, यूष आणि मांसरस अशा पायऱ्या सांगितल्या. शार्ङ्गधराने मंडास तांदळाच्या चौदापट पाणी लिहिले आणि विलेपीस चौपट.

या पथ्याची एक जुनी साक्ष परक्या माणसाने नोंदविलेली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात पटकीचे वर्णन असून, येथील हिंदू वैद्य रोग्यास मिरे व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात, असे तो लिहितो. आमच्या ‘मोडशी’चे पोर्तुगिजांनी ‘मोर्देशीं’ केले आणि फ्रेंचांनी त्याचा ध्वनी पकडून ‘कुत्र्याचे मरण’ असा भलताच अर्थ बसविला! त्या काळी पेडणे व डिचोली आदिलशाहीत होती. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. पेजेला या सीमा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पटकीत माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. आतड्यात साखर असली, तर तिच्याबरोबर मीठ आणि मागोमाग पाणी रक्तात शोषले जाते. तांदळाच्या पिठूळ अंशापासून ती साखर हळूहळू सुटते. 1982 साली ढाक्यातील संशोधकांनी तांदळाच्या पिठाचे क्षारयुक्त द्रावण पटकीच्या रोग्यांना देऊन त्याचा गुण दाखविला. आजीच्या निवळीत मिठाचा खडा पडे, तो केवळ चवीसाठी नव्हता, असे आता म्हणता येते. मात्र तिचे प्रमाण चिमटीचे. आज अशा रोग्याला मोजून केलेले द्रावण आणि डॉक्टर हवेच.

दुसरे श्रेय उकड्या तांदळाचे. जावा बेटात एइकमन यांनी 1890 नंतरच्या दशकात पाहिले, की सडीक पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. भात उकडताना कोंड्यातील ‘ब’ जीवनसत्त्व दाण्यात शिरते आणि सडल्यावरही त्यातील बरेचसे उरते. तेव्हा उकड्याची पेज आणि पांढऱ्या तांदळाची पेज या दोन भिन्न वस्तू होत.

अमेरिकेत वॉल्टर केंप्नर यांनी 1939 पासून रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांना तांदूळ, फळे, फळांचा रस आणि साखर एवढ्यावरच ठेवले. मीठ जवळजवळ वर्ज्य आणि प्रथिने दिवसाला सुमारे वीस ग्रॅम. कित्येकांचा रक्तदाब उतरला, वाढलेले हृदय आकुंचले. हे वाचून आमच्यापैकी कोणी अकरांच्या पेजेला रक्तदाबाचे औषध ठरवू नये. तिच्याशेजारी खारातले तोर आणि सुके मासे असतात. केंप्नर यांनी ते ताट परत पाठविले असते! शिवाय त्यांचे रोगी सतत देखरेखीखाली होते. देखरेखीवाचून महिनोन्महिने निवळीवर राहिलेले मूल प्रथिनांअभावी सुजते. पथ्याच्या नावाखाली ही चूक आमच्याकडे झालीच नाही, असे आम्ही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट पथ्याच्या स्तुतीत हरवते. भाटकाराच्या घरी पेज आजाऱ्याची होती. मुंडकाराच्या घरी ती रोजचीच. वैद्याने पेज सांगितली, तर तेथे चुलीवर निराळे काही करावयाचे नसे. त्या दिवशी शेतावर जाता येत नसे, आणि मजुरी बुडे, इतकेच.