माळावरचा पंप ते ग्राफिक्स कार्डवरचं पाणी

उन्हाळ्यात सांगलीत ग्राफिक्स कार्ड तापलं, की पोरं वॉटर ब्लॉक शोधायला लागतात. पण पाणी खेळवायचं वेड इथं जुनंच. औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. आधी नांगर, मग पंप. २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' महासंगणक आला, त्यात प्रोसेसरची उष्णता थेट पाणीच वाहून नेतं.

तुमच्या कार्डाचं म्हणाल, तर नुसतं चिपचं नाव बघून फुल-कव्हर ब्लॉक घेऊ नका. चिप तीच, पण बोर्ड कंपनीगणिक वेगळा. भोकंच जुळत नाहीत. (माझे पैसे असेच बुडालेत!) आणि तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर? नकोच. एकाच पाण्यात दोन्ही आले की ॲल्युमिनियम गंजतं. आजीचा बंब अख्खा तांब्याचा होता, तो उगाच नाही.