हल हाउसचे कलावर्ग

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातून एखादा दिवस गरीब वस्तीतील शाळेत जावे, तेथील मुलींना चित्रे काढावयास, गाणी म्हणावयास, नाटुकली बसवावयास शिकवावे, ही गोष्ट आज आपल्या इतकी परिचयाची झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक या प्रथेला शंभराहून अधिक वर्षे होऊन गेली आहेत. आणि आरंभापासून एक प्रश्न तिची पाठ सोडीत नाही. ज्या मुलीच्या घरी संध्याकाळच्या जेवणाची भ्रांत आहे, तिच्या हाती रंगाचा कुंचला देऊन काय साधणार? हा प्रश्न उपहासाने विचारणारे पुष्कळ आहेत. परंतु तो ज्यांनी स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारला आणि त्याच्या उत्तरापायी आयुष्य वेचले, अशा दोन स्त्रियांची आणि त्यांनी शिकागो शहरात चालविलेल्या एका घराची हकीकत आज सांगावयाची आहे.

हकीकतीचा आरंभ मात्र लंडनमध्ये होतो. लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल ही त्या काळी दारिद्र्याने गांजलेली वस्ती होती. तेथील धर्मोपदेशक सॅम्युअल बार्नेट व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ साली नाताळच्या सुमारास ‘टॉयन्बी हॉल’ या नावाची वास्तू उघडली. आर्नल्ड टॉयन्बी हे ऑक्सफर्डचे तरुण अर्थशास्त्रज्ञ. आदल्याच वर्षी, अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. त्यांचे नाव या घराला देण्यात आले. ऑक्सफर्ड व केम्ब्रिज येथील विद्यार्थ्यांनी आणि नवपदवीधरांनी येथे येऊन राहावे, दाते म्हणून न येता शेजारी म्हणून यावे, आणि आपल्याला जे ज्ञान मिळाले ते शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावे, अशी बार्नेट दांपत्याची कल्पना होती. तत्पूर्वीच, १८८१ पासून, हे दांपत्य ईस्टरच्या सुमारास आपल्या वस्तीत उत्तमोत्तम चित्रांचे प्रदर्शन भरवीत असे. पुढे १९०१ साली तेथे जी व्हाइटचॅपल आर्ट गॅलरी उभी राहिली, तिचे मूळ या प्रदर्शनांतच आहे.

पुरुषांनी घालून दिलेला हा पाठ स्त्रियांनी लवकरच उचलला. १८८७ साली लंडनच्याच सदर्क भागात ‘विमेन्स युनिव्हर्सिटी सेटलमेंट’ स्थापन झाले. गर्टन, न्यूनम, सॉमरव्हिल, लेडी मार्गारेट हॉल अशा महाविद्यालयांतील स्त्रियांचा त्यास आधार होता. या विद्यार्थिनींची स्थिती मोठी विलक्षण होती. त्यांना विद्यापीठातील व्याख्याने ऐकता येत, परीक्षा देता येत. परंतु पदवी मिळत नसे. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी दिली ती १९२० साली, आणि केम्ब्रिजने तर १९४८ साली! विद्या पदरी पडली आहे, पण तिचे करावयाचे काय हे कोणी सांगत नाही, अशा या तरुण स्त्रिया होत्या. त्यांना गरीब मुलींची जेवढी गरज भासत होती तेवढी गरीब मुलींना त्यांची भासत होती की नाही, हे सांगणे कठीण आहे.

हीच तगमग अमेरिकेतील जेन ॲडम्स यांनी अनुभवली होती. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे १८८१ साली शिक्षण पुरे केल्यावर पुढची कित्येक वर्षे त्यांनी आजारपणात, प्रवासात व मनाच्या अनिश्चिततेत घालविली. शिकलेल्या मुलीने घरी बसून कुटुंबाची शोभा वाढवावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. १८८८ च्या जूनमध्ये त्यांनी टॉयन्बी हॉल पाहिला आणि त्यांचा निश्चय झाला. रॉकफर्ड येथील त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार ही शिकागोत सुखवस्तू घरांतील मुलींच्या शाळेत शिकवीत असे; चित्रकला व वाङ्मय हे तिचे जिव्हाळ्याचे विषय. या दोघींनी १८ सप्टेंबर १८८९ रोजी हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटले. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने बांधलेला तो वाडा. म्हणून त्याचे नाव ‘हल हाउस’.

आजूबाजूची वस्ती इटालियन, जर्मन, बोहेमियन, ग्रीक, पोलंड व रशियातून आलेले ज्यू अशा नाना देशांच्या लोकांची. मुलांच्या तोंडी नवी भाषा बसू लागलेली, आईबापांच्या तोंडी जुनीच. या शेजारात दोघींनी काय नेले? स्टारबाईंनी भिंतींवर इटालियन चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आणि आसपासच्या तरुणींना जमवून जॉर्ज एलियटच्या ‘रोमोला’ या कादंबरीचे वाचन सुरू केले. लवकरच चांगल्या घरांतील शिकलेल्या मुली वेळ काढून येऊ लागल्या. कोणी बालवर्ग घेई, कोणी शिवण शिकवी. १८९१ साली एडवर्ड बटलर यांच्या देणगीतून चित्रशाळा उभी राहिली. एनेला बेनेडिक्ट या चित्रकर्तीने येथील कलावर्ग सुमारे अर्धशतक सांभाळले. आर्ट इन्स्टिट्यूट या प्रसिद्ध संस्थेतील शिकणारे व शिकविणारे त्यांच्या मदतीला येत. १८९३ साली एलिनर स्मिथ यांनी संगीतशाळा काढली. वस्तीतल्या मुलींना शाळेत जे मिळत नसे ते येथे विनासायास मिळू लागले.

येथवरची हकीकत एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात शोभावी अशी आहे. परंतु हल हाउसचे मोठेपण यापुढे आहे. शिकवावयास गेलेल्या स्त्रियांना वस्तीतल्या मुलींनी जे धडे दिले, ते त्यांनी शिकून घेतले.

पहिला धडा पहिल्याच नाताळात मिळाला. मुलांना खाऊ वाटला जात असता काही लहान मुलींनी मिठाई घेण्याचे नाकारले. कारण विचारता त्या म्हणाल्या की, आम्ही मिठाईच्या कारखान्यात काम करतो, आम्हांला ती डोळ्यांसमोरही नको. चौकशी केल्यावर कळले की, सणाच्या मागणीपायी सहा आठवडे या मुली सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. ॲडम्सबाईंनी आपल्या आत्मवृत्तात आणखी एक चित्र नोंदविले आहे. त्या वस्तीत कपड्यांचे काम घरोघर चाले. एक बोहेमियन आई शिवीत बसलेली, आणि तिच्या पायाशी स्टुलावर चार वर्षांची मुलगी तासन् तास कच्च्या शिलाईचे धागे ओढून काढीत बसलेली.

सुई ही आपण हस्तकलेची खूण मानतो. मुलीला कशिदा यावा, भरतकाम यावे, यात तिच्या बोटांचे कौतुक आहे असे आपण समजतो. परंतु त्या मुलीच्या बोटांना त्याच सुईदोऱ्याने काय दिले होते? दिवसभर धागे उसविणाऱ्या मुलीला संध्याकाळी भरतकामाच्या वर्गास बसविले, तर तिला तो आनंद वाटेल की कारखान्याची तिसरी पाळी? कलेला रंग, कागद, सूत यांच्याआधी आणखी एक साहित्य लागते, ते म्हणजे फुरसत. आणि फुरसत दान म्हणून वाटता येत नाही.

हे उमगल्यावर हल हाउसच्या कामाला नवे वळण लागले. तेथे राहावयास आलेल्या फ्लॉरेन्स केली यांनी घरोघरच्या व कारखान्यांतील कामाची पाहणी केली. १८९३ साली इलिनॉय राज्यात कारखान्यांविषयी कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी आली, स्त्रियांच्या कामाचा दिवस आठ तासांचा ठरला, आणि मुख्य तपासनीस म्हणून केलीबाईंचीच नेमणूक झाली. दोन वर्षांनी, १८९५ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचे कलम रद्द केले. तरीही ज्या घरात चित्रांचे वर्ग भरत, त्याच घरातून मुलींच्या वेळेसाठी कायद्याची लढाई लढली जावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्टारबाईंच्या विचारांतही पालट होत गेला. १८९४ साली त्यांनी सरकारी शाळांच्या ओक्याबोक्या भिंतींवर चांगली चित्रे लागावीत म्हणून एक मंडळ स्थापन केले. पण १८९५ साली हल हाउसने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील कला व श्रम यांवरील निबंधात त्यांनी अधिक कठोर प्रतिपादन केले. श्रम करणाऱ्याचे जिणे कुरूप ठेवून कला जगू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. पुढे त्यांनी लंडनला कॉब्डन-सँडरसन यांच्यापाशी पुस्तकबांधणीची कला शिकून हल हाउसमध्ये बांधणीचा कारखाना काढला. पुस्तके सुंदर होत. पण ती विकत घेण्याची ऐपत हॉलस्टेड रस्त्यावर कोणाची होती? अखेर १९१४ साली उपाहारगृहांत वाढपाचे काम करणाऱ्या मुलींनी संप केला, तेव्हा ही नाजूक प्रकृतीची कलाशिक्षिका त्यांच्याबरोबर दाराशी उभी राहिली आणि पोलिसांच्या हाती सापडली. ज्या वयात माणसे सहसा सौम्य होतात, त्या वयात ती अधिक निग्रही झाली होती.

दुसरा धडा याहून नाजूक होता, आणि तो आपल्या देशालाही जवळचा वाटेल. एके दिवशी पोक रस्त्याने जात असता ॲडम्सबाईंना एक इटालियन म्हातारी उन्हात बसून टकळीवर सूत काढताना दिसली. त्यांच्या मनात आले की, या वस्तीत जागोजागी अशी कुशल बोटे आहेत. पण नव्या देशात त्यांना विचारतो कोण? मुले इंग्रजी शाळेत जाऊन आईला अडाणी समजू लागली आहेत. आणि या अंतरात आपल्या वर्गांनी भरच तर घातली नाही? मुलीला फ्लॉरेन्सच्या चित्रकारांची नावे शिकवावयाची, आणि इटलीच्याच खेड्यातून आलेल्या तिच्या आईच्या हाताकडे कोणी पाहावयाचे नाही, हा न्याय कोणता?

या विचारातून १९०० साली हल हाउसमध्ये ‘लेबर म्यूझियम’ म्हणजे श्रमांचे संग्रहालय उघडले. त्यात निर्जीव वस्तूंपेक्षा चालते हात अधिक होते. वस्तीतल्या आया तेथे आपापल्या देशांच्या रीतीने सूत काढीत, विणीत, आणि लोक भोवती उभे राहून पाहत. अँजेलिना नावाच्या इटालियन मुलीची गोष्ट ॲडम्सबाईंनी सांगितली आहे. ती दर शनिवारी त्याच इमारतीत पाकशास्त्राच्या वर्गास येई. आई संग्रहालयात टकळी चालवी. परंतु डोक्याला रुमाल बांधलेल्या, ओबडधोबड बूट घातलेल्या बाईची आपण मुलगी आहोत हे मैत्रिणींना दिसू नये, म्हणून अँजेलिना आईला पुढल्या दारी सोडून स्वतः बाजूच्या दाराने आत जाई. एका संध्याकाळी अध्यापनविद्येच्या शाळेतील मंडळी तिच्या आईभोवती जमून तिच्या सूतकताईची वाखाणणी करीत होती. अमेरिकेत हिच्या तोडीचे सूत काढणारे दुसरे कोणी नसावे, असा त्या बोलण्याचा अर्थ अँजेलिनाने घेतला. आईच्या गावाविषयी तिने ॲडम्सबाईंपाशी विचारपूस केली; पेटीत दडवून ठेवलेली आईची जुनी वस्त्रे बाहेर आली; आणि पुढे ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

त्याच संग्रहालयात हिल्डा सॅट नावाची पोलंडहून आलेली ज्यू मुलगी विणावयास शिकली. थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरणारे तिचे वडील लवकर वारले होते; कोवळ्या वयात शाळा सोडून ती लोकरी विणकामाच्या कारखान्यात लागली होती. दिवसा यंत्रावर विणायचे आणि संध्याकाळी पुन्हा विणायचे, यात तिला जाच वाटावयास हवा होता. पण यंत्रापाशी ती जे करी त्यामागे माणसाच्या हातांची किती पिढ्यांची बुद्धी आहे, हे तिला या घरात कळले. पुढे ती येथील लेखनवर्गात लिहू लागली, काही काळ शिकागो विद्यापीठात शिकली, आणि तिचे आत्मचरित्र तिच्या मागे १९८९ साली प्रसिद्ध झाले.

टकळीची ही कथा ऐकताना आपल्या मनात दुसरी एक टकळी आल्यावाचून राहत नाही. ॲडम्सबाई १९२३ साली हिंदुस्थानात आल्या होत्या. त्या वेळी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९३५ साली त्यांचे निधन झाले. परंतु शेजारी म्हणून राहण्याची ही रीत आपल्याकडे रुजविणाऱ्यांत याच शिकागो शहराचा एक विद्यार्थीही होता. तेथील विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उघडले. आणि १९३६ साली त्यांच्याच संचालकत्वाखाली तेथे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली. टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

हल हाउसच्या बहुतेक इमारती १९६३ साली विद्यापीठासाठी पाडण्यात आल्या, आणि संस्थेचे कामही २०१२ साली थांबले. जुना वाडा संग्रहालय म्हणून उरला आहे. परंतु आज कुंचले आणि रंगीत कागद घेऊन एखाद्या वस्तीच्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थिनीला त्या वाड्याने दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. समोर बसलेली मुलगी किती वाजता उठली आणि घरी जाऊन तिला काय काय करावयाचे आहे, हे आधी विचारावे. ते कळल्यावर गप्प बसवणार नाही. आणि तिच्या आईच्या हातांना काय येते, तेही विचारावे. कोणी दळताना ओव्या म्हणत असेल, कोणी गोधडी शिवीत असेल, कोणी दारापुढे रांगोळी घालीत असेल. त्या मुलीच्या कलाशिक्षणाचा पहिला वर्ग तेथे कधीच भरून गेलेला असतो.