महिरपी कंसांचा वाद आणि हेडर फाइलींचे ओझे

#थ्रेड

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी अॅपलने आयफोनसाठी घाईघाईने एक दुरुस्ती प्रसृत केली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे ना, हे त्याच्या डिजिटल स्वाक्षरीवरून पडताळणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ वरच्या ‘इफ’ अटीला बांधलेली होती, दुसरी कशालाच बांधलेली नव्हती. त्यामुळे अट खरी ठरो वा खोटी, प्रोग्राम तिथून थेट शेवटाकडे उडी घेई. तोवर कोणतीही चूक नोंदलेली नसल्याने निकाल ‘सर्व ठीक’ असाच लागे आणि स्वाक्षरीची खरी तपासणी कधी होतच नसे. त्याच नेटवर्कवर बसलेला कोणीही भामटा बँकेचे सोंग घेऊन उभा राहू शकला असता.

ही चूक तपासनिसांच्या नजरेतून निसटली कशी? दोन्ही ओळी सारख्याच अंतराने आत सरकवलेल्या होत्या. माणसाच्या डोळ्याला त्या दोन्ही अटीच्या पोटात आहेत असे वाटे. सी भाषेच्या कंपायलरला मात्र मोकळ्या जागेशी काही कर्तव्य नसते. तो महिरपी कंस पाहतो, आणि तिथे कंस नव्हते.

अनेकांनी मिळून लिहिलेला कोड दिसावा कसा, आणि त्याच्या फाइलींनी एकमेकींवर किती विसंबावे, या दोन प्रश्नांचा इतिहास आज पाहू. पहिल्यावर आजवर शाईचे पाट वाहिले आहेत. दुसऱ्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले, आणि माझ्या मते खरी किंमत त्यानेच वसूल केली.

प्रारंभ बेल लॅब्जमधून. १९७२-७३च्या सुमारास डेनिस रिची यांच्या सी भाषेला ‘प्रीप्रोसेसर’ नावाची एक जोड मिळाली. अॅलन स्नायडर यांचा आग्रह हे त्यामागचे एक कारण. एक फाइल दुसरीत ओढून घेण्याची सोय बीसीपीएल आणि पीएल/वन या भाषांत आधीपासूनच होती. ही पहिली रचना अगदी साधी होती. ‘इन्क्लूड’ म्हटले की सांगितलेली फाइल त्या जागी जशीच्या तशी उतरवायची. ‘डिफाइन’ म्हटले की एका शब्दाऐवजी दुसरा घालायचा. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी तिचा विस्तार केला. रिचींनीच नंतर नमूद केले आहे की आरंभी हा भाग ऐच्छिक मानला जाई. फाइलीच्या सुरुवातीला विशिष्ट खूण असेल तरच तो चालवला जाई.

ऐच्छिक म्हणून आलेला हा पाहुणा घराचा मालक होऊन बसला. आपल्या फाइलीत दुसऱ्याचे फंक्शन वापरायचे तर त्याची घोषणा हाताशी हवी. ती ठेवायची हेडर फाइलीत, आणि ज्याला लागेल त्याने ती ओढून घ्यायची. ‘ओढून घेणे’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. कंपायलर हेडरचा संपूर्ण मजकूर वाचतो, त्या हेडरने ओढलेल्या हेडरांचाही वाचतो आणि मगच तुमच्या चार ओळींकडे वळतो. पुढची फाइल आली की हे पारायण पुन्हा पहिल्यापासून.

कंस कुठे उघडावा, याबाबत सीच्या जनकांची भूमिका मवाळ होती. ब्रायन कर्निगन आणि रिची यांच्या १९७८च्या ग्रंथाने एक पद्धत वापरली, परंतु ती कोणावर लादली नाही. कोणतीही एक निवडा आणि तिला चिकटून राहा, एवढाच त्यांचा सल्ला. त्याच्याही आधी, १९७६मध्ये, इलिनॉय विद्यापीठातील डेव्हिड विलकॉक्स यांनी ‘इंडेंट’ नावाचा प्रोग्राम लिहिला होता. कोणाचाही सी कोड ठरावीक समासात बसवून देणे हे त्याचे काम. म्हणजे मांडणी यंत्राकडे सोपवण्याची कल्पना सी भाषेच्या बाळपणाइतकीच जुनी आहे. तरीही पुढची तीस-चाळीस वर्षे माणसे कंसावरून भांडत राहिली, यातच तिच्या अपयशाचे रहस्य दडले आहे. प्रत्येकाला यंत्र मान्य होते. फक्त ते आपल्याच पद्धतीने चालावे, अशी अट होती.

दुसरीकडे हेडरांचे ओझे निमूट वाढत होते. १९८४मधील एक निरीक्षण रॉब पाइक यांनी पुढे सांगितले आहे. युनिक्सच्या ‘पीएस’ या आज्ञेची मूळ फाइल कंपाइल होताना ‘स्टॅट.एच’ हे एकच हेडर ३७ वेळा ओढले जात होते आणि त्यांपैकी ३६ वेळा त्यातला मजकूर टाकून दिला जात होता. टाकून देण्याची युक्ती साधी असते: हेडर पहिल्यांदा वाचले की एक खूण उभी राहते आणि पुन्हा आल्यास सारा मजकूर वगळला जातो. परंतु तेव्हाच्या बहुतेक कंपायलरांना वगळण्यासाठीही फाइल उघडून शेवटपर्यंत चाळावी लागे. १९८९मध्ये पाइक यांनी सी भाषेवरील आपल्या टिपणांत कठोर नियम सुचवला: हेडरने दुसरे हेडर कधीही ओढू नये. नियम उत्तम होता. पाळला फारच थोड्यांनी.

आता हेलसिंकी, १९९१. लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात सुमारे १० हजार ओळी होत्या, आणि त्या बहुतांशी एकाच हाताच्या होत्या. काही वर्षांतच जगभरातून ईमेलने पॅच येऊ लागले. पॅच म्हणजे बदलाचा कागद: कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या. असा कागद डोळ्यांनी वाचूनच स्वीकारायचा वा नाकारायचा असतो. प्रत्येक कागद निराळ्या वळणाचा असेल तर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येणारच. नव्वदच्या दशकातच टोरवाल्ड्स यांनी कोडिंग स्टाइलचा एक दस्तऐवज कर्नलमध्ये दाखल केला.

त्याची भाषा सरकारी परिपत्रकाची नाही. आरंभीच वाचकाला सल्ला दिला आहे, की जीएनयू प्रकल्पाच्या शैलीनियमांची प्रत छापा आणि न वाचता जाळून टाका. (ज्या जीएनयूच्या कंपायलरवाचून लिनक्स उभेच राहिले नसते, त्याच घरच्या नियमांची ही होळी!) पुढे येतो टॅबचा नियम: आठ अक्षरांची जागा, कमी नाही. कारण दिले आहे ते मार्मिक आहे. आठ-आठ जागा आत सरकत गेल्यास तीन पायऱ्यांनंतर ओळ उजव्या काठाला भिडू लागते. तुम्हाला तीनहून अधिक पायऱ्या लागत असतील तर दोष समासाचा नसून तुमच्या रचनेचा आहे. समास येथे विचारांची शिस्त मोजण्याची पट्टी झाला.

महिरपी कंसाबाबत कर्निगन आणि रिची यांचे वळण प्रमाण मानले गेले. मात्र एक गोष्ट येथे लपवू नये. अटीखाली एकच विधान असेल तर विनाकारण कंस घालू नयेत, असेही हाच दस्तऐवज सांगतो. ‘गोटू फेल’ची चूक ज्या कंसविरहित रूपात घडली, ते रूप या नियमाला धरूनच होते. एकसारखेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे. तो धोका पकडण्याचे काम अखेर कंपायलरकडे गेले: २०१६च्या जीसीसी ६ने, समास एक सांगतो आणि अर्थ दुसराच निघतो अशा ठिकाणी इशारा देण्यास सुरुवात केली.

उजवा काठ कोणता? ८० अक्षरे. या आकड्याची वंशावळ मोठी मौजेची आहे. १९२८मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचे छिद्रपत्र बाजारात आणले. पुढे टर्मिनलांच्या पडद्यांनी तीच रुंदी उचलली आणि पडद्यांवरून ती नियमांत उतरली. छिद्रपत्रे इतिहासजमा झाली तरी त्यांची रुंदी २०२०पर्यंत लिनक्सच्या लेखकांना धाकात ठेवून होती.

हा धाक घालणारा पहारेकरी २००७मध्ये नेमला गेला. अँडी व्हिटक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी पर्ल भाषेत लिहिलेला ‘चेकपॅच’ हा प्रोग्राम कर्नलमध्ये आला. पॅच पाठवण्याआधी तो चालवायचा. टॅबऐवजी मोकळ्या जागा, ओळीच्या शेवटी उरलेली रिकामी जागा, लांबलेली ओळ, चुकलेला कंस हे सारे तो दाखवून देतो. वरिष्ठांचा कितीतरी वेळ वाचला. नवोदितांचा अपमानही टळला, कारण तीच चूक माणसाने दाखवली की बोचते, यंत्राने दाखवली की नाही.

पण पहारेकरी नेमला की त्याला खूश ठेवण्यासाठीच जगणारेही निर्माण होतात. जुन्या, नीट चाललेल्या फाइलींत केवळ मोकळ्या जागा दुरुस्त करणाऱ्या पॅचांची रीघ लागली. असा पॅच निरुपद्रवी भासतो, तरी त्याची किंमत असते. ती ओळ मुळात कोणी, कधी आणि का लिहिली याचा माग गिटमधील ‘ब्लेम’ ही आज्ञा काढून देते. फाइल नव्याने सजवली की प्रत्येक ओळीवर सजवणाऱ्याचे नाव चढते आणि मूळ लेखक पडद्याआड जातो. इतिहासाच्या अभ्यासकांना हे दुःख निराळे समजावून सांगायला नको. शिवाय त्याच फाइलीवर दुसरा कोणी महिनाभर काम करीत असेल तर त्याचा पॅच बसेनासा होतो.

८० अक्षरांच्या धाकाने आणखी एक अनर्थ केला. इशारा टाळण्यासाठी लोक ओळी नको तिथे तोडू लागले आणि वाचन सुकर करण्यासाठी आलेला नियम वाचनाच्याच मुळावर आला. मे २०२०मध्ये टोरवाल्ड्स यांनी या हट्टाविरुद्ध तोफ डागली, आणि जो पर्चेस यांच्या बदलाने चेकपॅचच्या इशाऱ्याची मर्यादा १०० झाली. दस्तऐवजात ८० हा आकडा आजही ‘पसंतीची मर्यादा’ म्हणून मानाने नांदतो आहे.

गूगलमध्ये जन्मलेल्या गो भाषेने हा पेच मुळातच तोडला. २००९मध्ये ती जगापुढे आली तेव्हा रॉबर्ट ग्रीझमर यांचा ‘गोफम्ट’ तिच्यासोबतच होता. मांडणीचा एकच प्रकार, निवडीला जवळजवळ वाव नाही. कोणाचीही स्वतःची पद्धत रुजण्याआधीच नियम आला, म्हणून तो टिकला. या भाषेच्या जनकांत पाइकही होते, आणि त्यांच्या मनातील जुना सल तिच्यात उतरलेला दिसतो. २००७मध्ये गूगलच्या एका मोठ्या सी++ प्रोग्रामचे मोजमाप झाले होते. सुमारे दोन हजार फाइली, एकूण मजकूर ४.२ मेगाबाइट, हेडर ओढून झाल्यावर कंपायलरपुढे पडलेला मजकूर ८ गीगाबाइटहून अधिक! गोमध्ये हेडर फाइली नाहीतच, आणि आयात करून न वापरलेले पॅकेज ही चूक ठरून कंपायलर काम थांबवतो.

लिनक्सला नव्याने जन्म घेण्याची ही चैन परवडणारी नव्हती. पॅच पाठवणाऱ्यांसाठीच्या तपासणी यादीत एक नियम आहेच: जी सोय वापराल तिचे हेडर स्वतः ओढा, दुसऱ्या हेडराने ते ओढले असेल यावर विसंबू नका. कंसाइतकाच स्पष्ट नियम. तो मोडला की मात्र काहीच बिघडत नाही, निदान त्या दिवशी तरी. तुमच्या फाइलीला ‘ब’ हवे आहे, तुम्ही ओढले ‘अ’, आणि ‘अ’ने ‘ब’ आणले; काम झाले. पाच वर्षांनी कोणी ‘अ’मधून ‘ब’ काढून टाकतो आणि कधी न पाहिलेल्या शंभर फाइली एकदम कोसळतात. त्याही सर्वत्र नाहीत, एखाद्याच प्रोसेसरवर, एखाद्याच पर्यायाच्या जुळणीत. चेकपॅच एक पॅच वाचतो. हे अवलंबित्व तर हजारो फाइलींत पसरलेले असते.

या गुंत्याचा मध्य म्हणजे ‘शेड.एच’. कर्नलमधील प्रत्येक प्रोसेसची नोंद ज्या ‘टास्क स्ट्रक्ट’ नावाच्या रचनेत असते, ती येथे राहते. मेमरी, सिग्नल, फाइली, वेळमापन, सगळ्यांनी आपापले रकाने तिच्यात घातले आहेत. रकान्यात केवळ पत्ता ठेवायचा असेल तर समोरच्या रचनेचे नाव ठाऊक असणे पुरते. प्रत्यक्ष वस्तूच ठेवायची तर तिचा आकार, म्हणजे संपूर्ण व्याख्या, म्हणजे तिचे हेडर हवे. म्हणून एका प्रोसेसची ओळख करून घ्यायला निम्मे गाव दाराशी येते.

हंगेरीचे इंगो मोल्नार हे याच शेड्युलरचे जुने कारागीर. २०१७मध्ये त्यांनी ‘शेड.एच’चे तुकडे पाडून एक डागडुजी केली होती. २०२०च्या अखेरीस त्यांनी संपूर्ण हेडरव्यवस्थेलाच हात घातला. अंदाज होता ५० ते १०० पॅचचा आणि कंपाइलचा वेग २० टक्के वाढण्याचा. २०२१च्या मध्यापर्यंत पाचशेहून अधिक पॅच झाले, लाभ नाममात्र, आणि दुसरा प्रयत्नही त्यांनी मोडीत काढला. कारण उलगडते तसे आहे: एका वाटेने येणारे हेडर थोपवले तरी ते दुसऱ्या दहा वाटांनी येतच राहते. जवळपास सगळ्या वाटा बुजवल्याखेरीज काहीच हाती लागत नाही. ज्या कामाचे फळ नव्वद टक्के श्रमांनंतरच दिसू लागते, ते सामुदायिक प्रकल्पात कोणी सहसा अंगावर घेत नाही.

२ जानेवारी २०२२ रोजी त्यांनी तिसरा प्रयत्न जाहीर केला. २,२९७ पॅच, २५ हजारांहून अधिक फाइलींत बदल. त्यांच्या मोजणीनुसार कर्नल बांधण्याचा वेग ५० ते ८० टक्के वाढला होता.

त्याचे कौतुक झाले, आणि एकदम स्वीकारणे कोणालाच शक्य झाले नाही. २,२९७ पॅच वाचणार कोण? दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघणाऱ्या प्रकल्पात सर्वांचे चालू काम थांबवणार कोण? शेड्युलरच्या हेडरांचा भाग तेवढा त्याच वर्षी ५.१८ आवृत्तीत गेला. उरलेले झाड तसेच उभे राहिले. जानेवारी २०२४मध्ये केंट ओव्हरस्ट्रीट यांनी ६.८ आवृत्तीसाठी पुन्हा ‘शेड.एच’ची छाटणी केली. त्या वेळी गाठोडे मुद्दाम लहान बांधले होते, आणि ते स्वीकारले गेले.