अकोला, जुने शहर : जाहिरात, विपणन व जनसंपर्क व्यवसायातील रोजगार

मोर्णा नदीच्या पश्चिम काठावरील जुने शहर ही अकोल्याची मूळ वस्ती होय. जाहिरात (पैसे मोजून केलेली प्रसिद्धी), विपणन (माल ग्राहकापर्यंत पोचवून खपवण्याची व्यवस्था) आणि जनसंपर्क (संस्थेविषयी लोकमत अनुकूल राखण्याचे काम) या व्यवसायांतील येथील रोजगार मुंबई-पुण्याच्या मापाने तुटपुंजा दिसतो. तथापि ते माप अपुरे आहे, कारण मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींचा मजकूर व चित्रण महानगरांत ठरत असले, तरी तो माल वऱ्हाडातील खेड्यांत खपवणारी माणसे याच भागातली लागतात.

या मागणीचा मुख्य आधार शेती आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे (महाबीज) मुख्यालय अकोल्यात असून खासगी बियाणे कंपन्यांनाही ही बाजारपेठ महत्त्वाची वाटते. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१५ च्या आदेशान्वये केंद्र सरकार ठरवते. त्यामुळे नावाजलेल्या वाणालाही त्यापुढे भाव चढवता येत नाही आणि कंपन्यांची चुरस बरीचशी प्रसिद्धीत उतरते. कंपनीचा प्रतिनिधी ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात प्रात्यक्षिक पेरणी करवून घेतो, बोंडे भरली की त्याच वावरात आसपासच्या गावकऱ्यांना बोलावून झाड दाखवतो आणि पुढच्या खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्राच्या चालकाला मागणीसाठी गाठतो. या कामात पदवीपेक्षा वऱ्हाडी बोली, दुचाकी आणि गावोगावची ओळख अधिक उपयोगी पडते. मात्र यातील बऱ्याच नेमणुका हंगामापुरत्याच असतात.

शहरी काम दुकानदारी, वृत्तपत्रे व फ्लेक्स छपाईवर चालते. ‘देशोन्नती’ हे दैनिक मूळचे अकोल्याचे असून इतर दैनिकांच्याही येथे आवृत्त्या आहेत. जाहिरात संस्थेला वृत्तपत्राकडून परंपरेने १५ टक्के दलाली मिळते, पण जाहिरात प्रतिनिधीचा खरा कस जागा विकण्यात नसून वसुलीत लागतो, हे या धंद्यातले जुने दुखणे आहे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी जुन्या शहरातील राजराजेश्वर मंदिरात येतात, तेव्हा स्वागतफलकांच्या छपाईला उधाण येते. पूर्वी हाताने फलक रंगवणाऱ्या पेंटरांचा रोजगार मात्र याच फ्लेक्सने हिरावला.

जनसंपर्काची स्थिर पदे बहुतांशी शासकीय आहेत. अकोल्यात जिल्हा माहिती कार्यालय आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तर विभागीय माहिती कार्यालय अमरावतीस आहे. अशी पदे मोजकी आणि त्यांची भरती क्वचितच निघते. भारतीय जनसंचार संस्थेचे प्रादेशिक केंद्र २०११ पासून अमरावतीत असले, तरी तेथील शिक्षणाचा भर पत्रकारितेवर राहिला आहे, आणि जाहिरात-जनसंपर्काचे खास शिक्षण घेऊ इच्छिणारे विद्यार्थी सहसा पुणे, मुंबई किंवा दिल्लीची वाट धरतात.