वस्तादाचा नारळ
बैलबाजारासाठी नावाजलेल्या बेल्ह्यासारख्या जुन्नर तालुक्यातील गावांचा इतिहास तालमीला, म्हणजे कुस्ती व दांडपट्टा शिकण्याच्या जागेला, वगळून लिहिता येत नाही. तेथे शिकवणारा तो ‘वस्ताद’. हा शब्द फारसी ‘उस्ताद’वरून आला. वस्ताद गाठायचा तो बहुधा ओळखीनेच: घरचे वडीलधारे पोराला हौदाशी, म्हणजे ताक, तेल व हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीपाशी, नेऊन उभे करीत आणि वस्तादाने नारळ घेतला की शिष्यत्व ठरे. ठरीव फी नसे, परंतु तेवढ्यावरून ही विद्या फुकट होती असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण शिष्य पहाटे माती खणी, वस्तादाचे अंग रगडी, आणि दूध, तूप, बदाम यांच्या खुराकाचा खरा बोजा घरावर पडे. पुण्यात जोतीराव फुले दांडपट्टा शिकले ते लहुजी वस्ताद साळवे (1794–1881) यांच्याकडे, जे मांग समाजातील होते. वस्ताद निवडताना जातीपेक्षा हात पाहिला जाई, निदान काही तालमींत तरी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, खासबाग मैदानही उभारले. जुन्नरकडे असा संस्थानिक नसल्याने यात्रेतील कुस्त्यांचे इनाम गावाच्या लोकवर्गणीतून निघे, आणि जिंकलेला फेटा शिष्य आधी वस्तादाच्या पायाशी ठेवी.